परकीय चलनाच्या गंगाजळीत बिटकॉइन नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोने आणि डॉलर यांच्या जोडीने सरकारने बिटकॉइन हे आभासी चलनही राष्ट्रीय राखीव साठ्यात ठेवावे, ही मागणी आता आपल्याकडेही गंभीरपणे मांडली जाऊ लागली आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांनी ६ मार्च २०२५ रोजी बिटकॉइनचा राखीव साठा उभारण्याचा आदेश काढला, त्याच वर्षी मे महिन्यात पाकिस्ताननेही तशी घोषणा केली, आणि तेव्हापासून ‘आपणच मागे का राहायचे?’ हा प्रश्न अर्थविषयक चर्चांत वारंवार ऐकू येतो. बडोद्यातील एका बँकेच्या परकीय चलन विभागात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली आणि आयात-निर्यातीची कागदपत्रे हाताखालून जाताना परकीय चलनाचा साठा देशाच्या नेमका कशासाठी उपयोगी पडतो, हे मला जवळून पाहता आले. त्या अनुभवाच्या आधारे माझे मत असे आहे की रिझर्व्ह बँकेने आपल्या गंगाजळीतील एक डॉलरही बिटकॉइनमध्ये गुंतवू नये. मात्र तपासयंत्रणांनी जप्त केलेल्या आभासी चलनाचे काय करायचे, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्यासाठी स्पष्ट कायदा तातडीने हवा. या दोन गोष्टींची सध्या जी गल्लत केली जात आहे, ती देशाच्या हिताची नाही.

आपल्या शहरालगत कोयली येथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना आहे. साठच्या दशकात तो उभा राहिला, तेव्हा अंकलेश्वरच्या विहिरींतील तेल हा त्याचा मुख्य आधार होता. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते आणि त्याचे पैसे मुख्यतः डॉलरमध्ये चुकवावे लागतात. एरवी हे डॉलर बाजारात सहज मिळतात. परंतु २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपयाची घसरण सुरू होऊन एका डॉलरचा भाव ६८ रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा २८ ऑगस्टला रिझर्व्ह बँकेने तीन सरकारी तेल कंपन्यांसाठी डॉलर देण्याची स्वतंत्र खिडकी उघडली, जेणेकरून त्यांच्या रोजच्या खरेदीचा भार बाजारावर पडू नये. गंगाजळीचे काम हे असे असते. बाजार घाबरलेला असताना, कोणाला काही विकायला न जाता, मागितले त्या दिवशी आणि मागितले तेवढे डॉलर हातात असावेत, यासाठी देश तो साठा बाळगतो. म्हणूनच परकीय चलन साठ्याच्या व्यवस्थापनाविषयी रिझर्व्ह बँक जे सहामाही अहवाल प्रसिद्ध करते, त्यांत सुरक्षितता आणि तरलता (हवे तेव्हा रोख रक्कम करता येणे) ही दोन उद्दिष्टे प्रथम येतात आणि परताव्याचा विचार त्यांच्या मर्यादेत राहून केला जातो. हा क्रम उलटा करून ‘गेल्या दहा वर्षांत सर्वाधिक परतावा कशाने दिला?’ असे विचारायला सुरुवात केली की उत्तर बिटकॉइन हेच येणार. पण गंगाजळीपुरता तो प्रश्नच चुकीचा आहे.

ज्यांनी १९९१ पाहिले नाही, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहिते. इराकने ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण केले, तेलाचे भाव भडकले, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली आणि १९९१ च्या मध्यापर्यंत आपला परकीय चलन साठा १ अब्ज डॉलरच्या थोडा वर, म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला. त्या काळात आयातीच्या पतपत्रांवर, म्हणजे परदेशी विक्रेत्याला बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीवर, रोख मार्जिन २०० टक्क्यांपर्यंत नेण्यात आले होते. म्हणजे एक लाख रुपयांचा सुटा भाग परदेशातून मागवायचा असेल, तर दोन लाख रुपये आधी बँकेत अडकवून ठेवायचे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदार आमच्यासमोर बसून हिशेब मांडत आणि तो जुळत नाही म्हणून उठून जात. परदेशी बनावटीचे एखादे बेअरिंग किंवा एखादे रसायन न मिळाल्यामुळे यंत्रे बंद ठेवण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि तिचा फटका प्रथम तेथे रोजंदारीवर काम करणाऱ्यांना बसला. गंगाजळी आटते तेव्हा तिची झळ दिल्ली-मुंबईपुरती राहत नाही.

त्या संकटात सोने उपयोगी पडले. मे १९९१ मध्ये सरकारने २० टन सोने स्टेट बँकेमार्फत, परत विकत घेण्याच्या अटीवर, स्वित्झर्लंडच्या एका बँकेला विकले. पुढे जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. यातील पहिले २० टन हे तस्करांकडून जप्त केलेले सोने होते. बिटकॉइन साठ्याच्या समर्थकांना या उदाहरणाचा आधार घेता येईल आणि तो घेणे गैरही नाही: जप्तीचा माल एकेकाळी देशाच्या कामी आला, तर आज तो का येऊ नये? याचे उत्तर मी असे देईन की सोने विकले किंवा तारण म्हणून ठेवले, तेव्हा घेणाऱ्याने त्याच्या भावाची चिंता केली नाही. स्विस बँकेने आणि दोन मध्यवर्ती बँकांनी ते स्वीकारले, कारण पुढच्या महिन्यात ते निम्म्या किमतीचे होईल अशी भीती कोणालाच नव्हती.

बिटकॉइनच्या बाबतीत ही भीती काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास होता. बरोबर वर्षभराने एफटीएक्स हे आभासी नाण्यांच्या खरेदी-विक्रीचे मोठे एक्स्चेंज बुडाले, तेव्हा तो १६ हजारांच्या खाली होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये १ लाख २६ हजारांपर्यंत गेलेला भाव पुढच्याच महिन्यात ९० हजारांच्या खाली आला. परंतु चढउतारांपेक्षाही मला अधिक महत्त्वाची वाटते ती घसरणीची वेळ. करोनाची साथ जागतिक असल्याचे ११ मार्च २०२० रोजी जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी, शेअर बाजार कोसळत असतानाच, बिटकॉइनची किंमत एका दिवसात जवळपास ४० टक्क्यांनी घसरली. त्या आठवड्यात जगभर सर्वांना एकच वस्तू हवी होती, ती म्हणजे डॉलर, आणि ते मिळवण्यासाठी लोक हाताला लागेल ते विकत होते. सोनेही त्या धावपळीत काही टक्के उतरले, हे मान्य केले पाहिजे. पण काही टक्के आणि चाळीस टक्के यांत, तेलाचे पैसे चुकवायचे असतात त्या दिवशी, फार मोठे अंतर असते. जी मालमत्ता संकटाच्या दिवशी संकटाबरोबरच खाली जाते, तिला राखीव साठ्यात ठेवून उपयोग नाही, मग नंतरच्या वर्षभरात ती कितीही वर जावो.

दुसरा मुद्दा आकाराचा आहे. समजा, ७०० अब्ज डॉलरच्या साठ्यापैकी केवळ एक टक्का बिटकॉइनमध्ये ठेवायचे ठरले, तर ते ७ अब्ज डॉलर होतील आणि १ लाख डॉलरच्या भावाने सुमारे ७० हजार नाणी घ्यावी लागतील. एवढी नाणी विकायला निघाल्यावर काय होते, याचा दाखला जर्मनीतील सॅक्सनी राज्याने २०२४ मध्ये दिला आहे. तेथील पोलिसांनी चोरट्या चित्रपटांच्या एका संकेतस्थळाच्या प्रकरणात जवळपास ५० हजार बिटकॉइन ताब्यात घेतले होते. ते जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंत विकले गेले, आणि त्या काळात भाव ६५ हजार डॉलरवरून ५४ हजारांच्या जवळ आला. माउंट गॉक्स या बुडालेल्या एक्स्चेंजच्या ठेवीदारांना नाणी परत मिळण्याची बातमीही त्याच सुमारास आल्यामुळे सगळा दोष या विक्रीवर टाकता येणार नाही. तरीही सरकारच्या पाकिटातून नाणी बाहेर पडताना सारे जग प्रत्येक व्यवहार बिटकॉइनच्या सर्वांना खुल्या असलेल्या खातेवहीत पाहत होते आणि खरेदीदार थांबून होते, ही गोष्ट राहतेच. याच्या उलट आपलाच अनुभव पाहावा. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस सुमारे ७०५ अब्ज डॉलर असलेला आपला साठा जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ६२४ अब्जांवर आला. यातील काही भाग इतर चलनांच्या बदललेल्या मूल्याचा होता, पण मोठा भाग रुपयाला सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने विकलेल्या डॉलरचा होता. एवढ्या प्रचंड विक्रीने अमेरिकी सरकारी रोख्यांच्या बाजारात तरंगही उठला नाही, कारण तेथे एकेका दिवसात शेकडो अब्ज डॉलरची उलाढाल होते. गंगाजळीतील मालमत्ता अशीच हवी: विकणाऱ्याची गरज भाव पाडणार नाही, अशी.

अमेरिकेने केले म्हणून आपणही करावे, या युक्तिवादात एक मूलभूत फरक नजरेआड होतो. अमेरिकेला तेल घेण्यासाठी कोणाचे चलन साठवावे लागत नाही. तिचे स्वतःचेच चलन जग साठवते. तिच्या तिजोरीत आठ हजार टनांहून अधिक सोने आहे आणि बिटकॉइनचा तो साठाही जप्त केलेल्या नाण्यांतून उभा करायचा, नवी खरेदी करदात्यांवर भार न टाकता झाली तरच करायची, अशी अट त्या आदेशात आहे. आपली स्थिती वेगळी आहे. आपण बहुतेक वर्षी जितके निर्यात करतो त्याहून अधिक आयात करतो. आपला साठा हा परदेशी गुंतवणूक आणि कर्जे यांच्या रूपाने आलेल्या डॉलरमधून जमलेला आहे. मार्च २०२५ अखेर देशावरचे एकूण परकीय कर्ज सुमारे ७३६ अब्ज डॉलर होते, म्हणजे त्या वेळच्या साठ्यापेक्षा अधिक. दुसऱ्याची ठेव सांभाळणारा माणूस ती सट्ट्याच्या बाजारात लावत नाही, मग त्या बाजाराचा रोख कितीही अनुकूल दिसत असो. पाकिस्तानच्या घोषणेविषयी तर फार लिहायला नको. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ७ अब्ज डॉलरच्या कार्यक्रमावर उभ्या असलेल्या देशाने केलेली घोषणा आपल्यासाठी कित्ता ठरू शकत नाही.

एल साल्व्हाडोरचा अनुभव मात्र नीट अभ्यासण्यासारखा आहे, कारण तेथे प्रयोग खरोखर झाला. राष्ट्राध्यक्ष नयीब बुकेले यांच्या सरकारने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला आणि सरकारी पैशाने नाणी घ्यायला सुरुवात केली. पुढे भाव वाढला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने १ लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्यांच्याजवळची सुमारे सहा हजार नाणी कागदावर भरघोस नफा दाखवत होती. नेमक्या त्याच महिन्यात त्या देशाला नाणेनिधीकडून १४० कोटी डॉलरच्या कर्जासाठी करार करावा लागला आणि त्याची अट म्हणून, व्यापाऱ्यांनी बिटकॉइन स्वीकारलेच पाहिजे ही सक्ती जानेवारी २०२५ मध्ये कायद्यातून काढावी लागली. नफ्यात असलेला बिटकॉइनचा साठा उशाशी असतानाही देशाला डॉलरसाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागले, यापेक्षा स्पष्ट पुरावा मी शोधत नाही.

भूतानचे उदाहरणही दिले जाते. त्या देशाने बाजारातून नाणी विकत घेण्याऐवजी जलविद्युत वापरून सरकारी कंपनीमार्फत ती तयार केली. नद्यांना पूर आल्यावर उरणारी वीज वाया जाण्यापेक्षा हा मार्ग त्यांनी निवडला, आणि त्या विचाराबद्दल मला आदर आहे. परंतु त्यासाठी लागणाऱ्या यंत्रांच्या आयातीने त्यांच्या चालू खात्यावरील तूट कमालीची वाढली, हेही तितकेच खरे आहे. मला सर्वांत समंजस वाटला तो चेक प्रजासत्ताकाच्या मध्यवर्ती बँकेचा मार्ग. तिचे गव्हर्नर आलेश मिखल यांनी जानेवारी २०२५ मध्ये साठ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत बिटकॉइन ठेवण्याची शक्यता मांडली. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्ष क्रिस्तीन लागार्द यांनी, राखीव साठा तरल आणि सुरक्षित असला पाहिजे असे सांगून ती कल्पना नाकारली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये चेक बँकेने अवघ्या १० लाख डॉलरची प्रायोगिक खरेदी केली, आणि तीही राखीव साठ्याच्या बाहेर ठेवली. तंत्र शिकून घ्यायचे असेल, नाण्यांच्या गुप्त डिजिटल किल्ल्या सांभाळण्याची आणि हिशेब तपासण्याची सवय करायची असेल, तर एवढी रक्कम पुरते. आपल्या रिझर्व्ह बँकेने तेवढे केले तर माझी हरकत नसेल.

आता समर्थकांच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची मालमत्ता गोठवली. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानची अमेरिकेतील सुमारे ७ अब्ज डॉलरची मालमत्ता अशीच अडकली होती. डॉलरचा साठा हा शेवटी दुसऱ्याच्या वहीतील नोंद आहे आणि त्या दुसऱ्याची मर्जी फिरली तर ती नोंद निरुपयोगी ठरते, ही जाणीव त्या घटनांनी जगभर पोचवली, आणि २०२२ पासून सलग तीन वर्षे मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी एक हजार टनांहून अधिक सोने घेतले. हा धोका मी कमी लेखत नाही. पण त्यावरचा उपाय आपल्या रिझर्व्ह बँकेने आधीच शोधला आहे. मार्च २०२५ अखेर तिच्याकडे जवळपास ८८० टन सोने होते, २०२३-२४ या वर्षात तिने सुमारे १०० टन सोने इंग्लंडमधून मायदेशी आणले, आणि आता निम्म्याहून अधिक सोने देशातच आहे. देशातल्या तिजोरीतील सोने कोणाला गोठवता येत नाही. बिटकॉइनही गोठवता येत नाही, असे म्हटले जाते. ते नाणे नुसते जवळ बाळगण्यापुरते खरे आहे. त्याचे तेलासाठी डॉलर करायला निघालो की ज्या मोठ्या एक्स्चेंजकडे आणि संस्थांकडे जावे लागते, त्यांतील बहुतेक अमेरिकेच्या किंवा युरोपच्या कायद्याखाली चालतात आणि निर्बंध लागू असलेल्या सरकारशी त्या व्यवहार करणार नाहीत. म्हणजे ज्या प्रसंगासाठी हे नाणे साठवायचे, त्याच प्रसंगी ते मोठ्या प्रमाणावर मोडता येणार नाही.

दुर्मीळतेचाही मुद्दा मांडला जातो: बिटकॉइन एकूण २ कोटी १० लाखच निघणार, कोणतेही सरकार अधिक छापू शकणार नाही, म्हणून त्याची किंमत टिकणार. संख्येची मर्यादा खरी आहे. परंतु एखादी वस्तू साठ्यायोग्य ठरते ती केवळ दुर्मीळ असल्यामुळे नव्हे, तर इतर सरकारे आणि पेढ्या ती उद्याही स्वीकारतील या खात्रीमुळे, आणि ही खात्री किती वेगाने जाऊ शकते हे आपल्या इतिहासात चांदीने दाखवले आहे. शतकानुशतके चांदी ही हिंदुस्थानातील पैशाचा पाया होती. बडोदे संस्थानाचा बाबाशाही रुपयाही चांदीचाच होता. १८७१ नंतर जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले, अमेरिका आणि युरोपातील इतर देशही चांदीपासून दूर गेले, आणि १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या जवळ असलेला ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या आसपास उतरला. त्या वर्षी सरकारला टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद कराव्या लागल्या. येथल्या शेतकऱ्याने किंवा सावकाराने काही चूक केली नव्हती. हजारो मैलांवरच्या राजधान्यांनी आपले मत बदलले आणि येथल्या घरोघरीच्या चांदीची किंमत उतरली. बिटकॉइनची आजची किंमत अमेरिकेच्या धोरणावर किती अवलंबून आहे, हे जानेवारी २०२४ मध्ये तेथे बिटकॉइनच्या ईटीएफना, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांना, मिळालेल्या परवानगीपासून आपण पाहतोच आहोत. एका अध्यक्षांच्या आदेशाने उभा राहिलेला साठा पुढच्या अध्यक्षांच्या आदेशाने मोडला जाऊ शकतो.

दुर्मीळ वस्तूंचे आणखी एक उदाहरण मोत्यांचे. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवला, तेव्हा आखातातील बसऱ्याचे मोती ही जगातील सर्वांत भरवशाच्या संपत्तींपैकी एक मानली जात होती. मिकिमोतो यांनी जपानमध्ये मोत्यांची शेती यशस्वी केली आणि १९३० च्या आसपास, मंदीच्या भरात, नैसर्गिक मोत्यांचा बाजार कोसळला. मोती दुर्मीळच राहिले होते. त्यांच्या जागी चालेल अशी दुसरी वस्तू मात्र मुबलक झाली होती. बिटकॉइनच्या संख्येला मर्यादा आहे, पण त्याच्यासारखी नवी नाणी काढायला कोणतीही मर्यादा नाही.

सांभाळण्याच्या जोखमीबद्दल बँकेतील माणूस म्हणून मला विशेष काळजी वाटते. जुलै २०२४ मध्ये भारतीय एक्स्चेंज वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली; फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी एक्स्चेंजमधून सुमारे दीडशे कोटी डॉलरची गेली आणि ती उत्तर कोरियाच्या हॅकर्सनी नेल्याचे अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर केले. जुन्या पद्धतीच्या साठ्यातही चोरी होते, हे मी विसरलेले नाही: फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून जवळपास १ अब्ज डॉलर काढण्याचा प्रयत्न झाला आणि त्यातील ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोचले. पण उरलेली सर्व रक्कम वाचली, कारण वाटेत कोणा कर्मचाऱ्याला शंका आली, श्रीलंकेकडे निघालेल्या एका व्यवहारातील नावाचे चुकीचे स्पेलिंग कोणाच्या तरी लक्षात आले, आणि व्यवहार थांबवता आला. बिटकॉइनच्या व्यवहारात वाटेत असा कोणी माणूस बसलेला नसतो. गुप्त किल्ली एकदा चुकीच्या हाती पडली आणि व्यवहार नोंदला गेला की तो परत फिरवण्याची सोय त्या रचनेतच ठेवलेली नाही. खासगी गुंतवणूकदाराने ही जोखीम स्वतःच्या पैशावर घ्यावी. एकशे चाळीस कोटी लोकांच्या साठ्यावर ती घेण्याचा अधिकार कोणा अधिकाऱ्याला असू नये.

राहिला जप्त नाण्यांचा प्रश्न, आणि तो आपल्या गुजरातला अगदी जवळचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये कोसळलेल्या बिटकनेक्ट योजनेच्या प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाच्या अहमदाबाद कार्यालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे १,६४६ कोटी रुपयांचे आभासी चलन जप्त केले. ‘हे तर सरकारला फुकटच मिळाले आहे, यातूनच राष्ट्रीय साठ्याची सुरुवात करा’, असे म्हणणाऱ्यांनी ते पैसे मूळचे कोणाचे होते याचा विचार करावा. दरमहा मोठ्या परताव्याच्या आमिषाने ज्यांनी आयुष्याची पुंजी त्या योजनेत घातली, त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे. अमेरिकेच्या त्या आदेशातही फसवल्या गेलेल्यांना परत करायच्या नाण्यांचा अपवाद ठेवलेला आहे, आणि तेथे आदेशाच्या वेळी सरकारच्या ताब्यात असलेल्या, सुमारे दोन लाख म्हटल्या जाणाऱ्या बिटकॉइनपैकी फार मोठा हिस्सा बिटफिनेक्स या एक्स्चेंजच्या चोरीतला असून तो त्या एक्स्चेंजला परत करायचा होता. जप्ती म्हणजे मालकी नव्हे. खटला पूर्ण होईपर्यंत ही नाणी कोणाच्या ताब्यात आहेत, किल्ल्या किती जणांकडे विभागून आहेत, त्यांची तपासणी कोण करते, भाव पडत असताना ती न्यायालयाच्या परवानगीने विकून रुपयात ठेवता येतात का आणि वाढलेल्या किमतीचा लाभ पीडितांना मिळणार की तिजोरीला, याची उत्तरे कायद्यात लिहिलेली असली पाहिजेत. सॅक्सनीत विक्री झाली ती किमतीतील मोठ्या चढउताराच्या धोक्यामुळे तेथील कायद्याने ती आवश्यक ठरवली म्हणून. पुढे भाव दुप्पट झाल्यावर त्या अधिकाऱ्यांना नावे ठेवली गेली, तरी त्यांनी आपले कर्तव्यच केले होते, असे मला वाटते.

आपल्याकडे या विषयातील कायद्याची स्थितीच अर्धवट आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केला. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का उद्गम करकपात लावली. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला. कर आहे, तपास आहे, पण ग्राहकाचे पैसे बुडाले तर दाद कोणाकडे मागायची, हे सांगणारा सर्वंकष कायदा नाही. अशा अवस्थेत सरकारने स्वतःच ही नाणी साठ्यात घेतली, तर सामान्य माणूस त्याचा एकच अर्थ लावील: सरकारची त्याला हमी आहे. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात भिशीच्या गप्पांतून, ओळखीच्या ओळखीतून या योजना कशा पसरतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि ‘आता रिझर्व्ह बँकसुद्धा घेते आहे’ हे एक वाक्य त्या दलालांच्या हाती द्यायला माझा ठाम विरोध आहे. पेन्शनीच्या रकमा, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्या वाक्यावर विसंबून गुंतवले जातील आणि ते बुडाल्यावर रिझर्व्ह बँकेच्या दारात उभे राहून काही मिळणार नाही.

आपल्या वृत्तपत्रातून माझी गुजरातमधील खासदारांना विनंती आहे की त्यांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात अर्थमंत्र्यांना दोन प्रश्न लेखी विचारावेत. केंद्राच्या आणि राज्यांच्या तपासयंत्रणांकडे आज कोणती आभासी नाणी किती संख्येने जप्त आहेत आणि ती कोणत्या व्यवस्थेत ठेवली आहेत? आणि त्यांचे वार्षिक लेखापरीक्षण कॅगकडून करून घेऊन त्याचा अहवाल सभागृहासमोर ठेवण्यास सरकार तयार आहे का?

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी,
दांडिया बाजार, बडोदे